तलाव सकाळचा, वेळापत्रक हॉटेलचं: रामटेकजवळच्या एका कॅम्पचं प्रकरण

रामटेक तालुक्यातल्या एका जुन्या सिंचन तलावाच्या उत्तर काठावर हा कॅम्प आहे. नागपूरहून जबलपूर रस्त्याने निघून मनसरला वळलं की दीड तासाच्या आत गाडी फाटकाशी लागते. सात लाकडी केबिन, हिवाळ्यापुरते उभारलेले तंबू, उघडं स्वयंपाकघर, काठावर सहा कयाक, म्हणजे एक-दोघांनी वल्हवायच्या छोट्या नावा, आणि एक रुंद वल्ह्यांची नाव, एवढा त्याचा पसारा. कॅम्पचं, तलावाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. त्या सगळ्यांना रोज एकमेकांसमोर राहायचं आहे.

मालक दाम्पत्य नागपूरचंच. त्यांचं म्हणणं असं की पाहुणे येतात, फोटो काढतात, जेवणाचं कौतुक करतात, पण परत येत नाहीत. शेरे वहीत एकच वाक्य वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेलं: "जागा छान, पण करायला काही नाही." त्यावर उपाय म्हणून झिपलाइन, पाण्यावर लोळायचे प्लास्टिकचे गोळे आणि एक जेट-स्की अशा तीन गोष्टींची कोटेशनं त्यांनी मागवली होती. यातलं आधी काय घ्यावं, एवढाच प्रश्न घेऊन ते माझ्याकडे आले. साहस शिबिरं घेणं हे माझं काम, त्यामुळे अशा सामानाबद्दल मला बऱ्याचदा विचारलं जातं. मी सुचवलं की काहीही घेण्याआधी एक शनिवार-रविवार नुसता बसून बघू. पाहुणा फाटकातून आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत नेमकं काय करतो ते घड्याळ लावून लिहू.

शनिवार दुपार ते रविवार सकाळ

खोलीचा ताबा दुपारी दोनला मिळतो असं कॅम्पच्या पत्रकावर लिहिलं होतं. पण नागपूरकर शनिवारी दोनला कुठे पोचतो? अर्धा दिवस ऑफिस, घरी जेवण, मनीषनगरातून एकाला आणि धरमपेठेतून दुसऱ्याला घेणं, कामठीच्या पुढे चहा. गाड्या यायला लागल्या चारनंतर. मग सामान उतरवणं, केबिनची वाटणी, भजी. काठावर माणसं उतरली तेव्हा पाच वाजत आले होते आणि डिसेंबरात इथे सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो. म्हणजे तीसेक माणसं, सहा कयाक आणि पाऊण तासाचा उजेड.

त्या पाऊण तासात जे व्हायचं तेच झालं. लाइफ जॅकेटांची ओढाओढ झाली. मोठ्यांची जॅकेटं मुलांच्या अंगात गेली. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांनी काठावर सेल्फी काढले आणि दोन आज्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पाण्याकडे पाठ करून बसल्या, कारण खुर्च्या तशाच मांडलेल्या होत्या. शेवटची कयाक परत आली तेव्हा तिच्यात कोण आहे ते काठावरून ओळखू येत नव्हतं.

त्यानंतर सहा ते दहा. चार तासांचा अंधार आणि त्यासाठी कॅम्पकडे होतं काय, तर एक मोठा स्पीकर आणि शेकोटी. नऊच्या सुमाराला अर्धी माणसं केबिनमध्ये जाऊन मोबाइल बघत होती.

रविवारी नाश्ता नऊला. पाहुणे साडेआठला उठले, तर्री-पोहे खाल्ले, दहाला पुन्हा पाण्याकडे धावले आणि अकराला खोली सोडायची म्हणून परत पळाले.

आता याच तलावाचा दिवस बघा. पावणेसातच्या सुमाराला उजाडतं. पाण्यावर धुकं असतं, वारा नसतो. पश्चिमेच्या उथळ टोकाला चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं, अडई बसलेली असतात. धुक्यातून आधी त्यांचा आवाज येतो, मग ती दिसतात. ढीवर, म्हणजे इथले मासेमार, रात्री टाकलेली जाळी डोंग्यातून ओढत असतात, रोहू-कटला डोंग्याच्या तळाशी धडपडत पडतात. शिंगाड्याची वेल असलेल्या कोपऱ्यात बायका ट्यूबवर बसून शेवटची तोडणी करत असतात. साडेनऊपर्यंत हे सगळं चालतं. आणि नेमक्या याच अडीच-पावणेतीन तासांत कॅम्पमधला एकूण एक पाहुणा पांघरुणात नाहीतर पोह्यांच्या ताटावर असायचा, कारण त्याला नाश्ता नऊला आहे असं सांगितलेलं होतं.

"करायला काही नाही" या शेऱ्याचं मूळ इथे होतं. कॅम्पने वेळापत्रक उचललं होतं शहरातल्या हॉटेलचं. हॉटेलात ते चालतं, तिथली खोली दुपारीही तीच असते आणि रात्रीही तीच. तलाव तसा नसतो.

वारा

रविवारी दहानंतर जे व्हायचं ते नुसतं गैरसोयीचं नव्हतं, धोक्याचं होतं. हिवाळ्यात इकडे वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून येतो. रात्री आणि पहाटे तो पडलेला असतो. ऊन तापलं, जमिनीलगतची हवा हलली की साडेनऊ-दहानंतर वाढतो आणि संध्याकाळी पुन्हा पडतो. कॅम्प उत्तर काठावर. म्हणजे वारा कॅम्पकडून तलावाच्या मध्याकडे, पुढे थेट दक्षिणेच्या पाळीकडे, म्हणजे तलावाच्या बांधाकडे, वाहणारा.

यात फसवणारी गोष्ट अशी की कॅम्पच्या बाजूला साग आणि बाभळीची दाट रांग आहे. तिच्या आडोशाने काठालगतचं पाणी आरशासारखं दिसतं. जेटीवर उभं राहणाऱ्याला वारा जाणवतच नाही. शंभरेक मीटर आत गेलं की आडोसा संपतो. नवशिक्याला जाताना वाटतं, अरे वा, किती सहज वल्हवता येतंय! वारा पाठीत असतो म्हणून सहज जातं. वळल्यावर कळतं. त्यात या कयाक वर बसायच्या, रुंद आणि हलक्या. हलकी माणसं बसली की पाण्यावर उंच तरंगतात आणि वाऱ्याला भरपूर अंग देतात.

काठावर वारा मागून येत असेल तर नवशिक्याची नाव मध्याकडे सोडायचीच नाही, काठाला समांतर न्यायची, आणि आधी वारा जिकडून येतो तिकडे जायचं म्हणजे दमल्यावर वारा घराकडे आणतो. हा नियम कॅम्पमध्ये कोणाला ठाऊक नव्हता. कयाक विकणाऱ्याने वल्हं कसं धरायचं ते दाखवलं होतं, वाऱ्याबद्दल बोलला नव्हता.

जाळं

मला बोलावण्याच्या काही आठवडे आधीचा प्रसंग असा. एका रविवारी साडेदहाच्या सुमाराला नणंद-भावजय दोघींच्या कयाकमध्ये गेल्या. आडोसा संपेपर्यंत हसत-खिदळत, मग मधोमध. वळता येईना. वारा त्यांना पाळीकडे घेऊन गेला आणि तिथे ढीवरांची जाळी लागलेली होती. वल्हं जाळ्यात अडकलं, नणंदेने ते ओढलं, जाळं फाटलं, कयाक आडवी झाली. दोघींच्या अंगात जॅकेट होतं, पण एकीचा पट्टा बांधलेलाच नव्हता आणि ओढणी जाळ्यात गुंतत चालली होती.

साठी ओलांडलेले एक ढीवर काका डोंगा घेऊन गेले. त्यांनी सुरीने आपलंच जाळं कापलं, दोघींना सोडवलं आणि कयाक दोरीला बांधून कॅम्पवर आणली. कोणाला काही झालं नाही.

खरं बिघडलं त्यानंतर. ढीवरांच्या मच्छीमार संस्थेची माणसं संध्याकाळी जाळ्याची भरपाई मागायला आली. कॅम्पचा व्यवस्थापक म्हणाला, जाळी तिथे लावायचीच कशाला, पाहुण्यांना धोका होतो. आवाज चढले. दुसऱ्या दिवशी सकाळी जेटीच्या अगदी समोर, चाळीस पावलांवर, ओळीने जाळी लागलेली. बोटिंग बंद.

कॅम्पवर याला दादागिरी म्हणत होते. मला ते पटलं नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. तलाव सिंचन खात्याचा, मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेचा. संस्था ठेक्याचे पैसे भरते, बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, सोडते, आणि पन्नासावर घरं त्या पाण्यावर चालतात. कॅम्पकडे होती काठालगतची स्वतःची जमीन. पाण्यात नाव घालायची परवानगी अर्जाच्या अवस्थेत होती. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे करायची नोंदणी तर सुरूच झाली नव्हती. ज्याचा कागद पक्का त्याने आपलं जाळं कापून तुमचे पाहुणे आणून दिले, आणि त्यालाच तुम्ही विचारता जाळं का लावलं!

मालकीणबाई स्वतः गावात गेल्या, आधी जाळ्याचे पैसे दिले आणि मगच बोलणं काढलं. हा क्रम त्यांनी स्वतःच्या मनाने ठरवला आणि माझ्या मते पुढचं सगळं त्यामुळे सोपं झालं. बैठक झाली संस्थेच्या टिनाच्या छपराखाली. जाळं कापणारे काका बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बाई, दहाच्या आत का ते फिरवून घ्या तुमच्या पावण्यायले. मंग वारा सुटते. मंग ते तुमचं पलास्टिक काही थांबत नाही." मी वाऱ्याबद्दल जे कागदावर आकृत्या काढून समजावत होतो ते त्यांनी एवढ्यात सांगितलं.

ठरलं ते असं. कॅम्पच्या बाजूला काठालगतचा पट्टा कयाकसाठी. त्याच्या कडेला पिवळे तरंगते डबे दोरीने बांधायचे, त्यापलीकडे कयाक नाही आणि अलीकडे जाळं नाही. पश्चिमेच्या उथळ टोकाला कोणीच नाव घालायची नाही. तिथे पक्षी असतात आणि शिंगाडाही. संस्थेतली दोन तरुण मुलं शनिवार-रविवार पगारावर बचावाच्या नावेत बसतील. आणि सकाळी जाळी ओढायच्या वेळी, ज्या ढीवराची तयारी असेल त्याच्याबरोबर पाहुणे रुंद नावेतून बघायला जातील, त्याचा मोबदला थेट त्याला. मासे तिथेच तोलून विकत घेऊन कॅम्पच्या स्वयंपाकघरात.

जाळी बघायला जाणं हा आज कॅम्पचा सगळ्यात मागणी असलेला कार्यक्रम आहे. यासाठी कुठलंही यंत्र लागलं नाही.

बदललेलं घड्याळ

पहिला बदल कोटेशनं बाजूला ठेवून वेळा हलवण्याचा. हिवाळ्यात केबिन सोडायची वेळ अकराऐवजी दुपारी एक, ताबा तीनला. यात सफाईचा वेळ दोन तासांवर आला, म्हणून गावातल्या आणखी दोन बायकांना कामावर घ्यावं लागलं. मालकांना हा खर्च सुरुवातीला जड वाटला. पण त्यामुळे रविवारची सकाळ मोकळी झाली. आता साडेसहाला काठावर चहा आणि टोस्ट, सात ते साडेनऊ पाणी आणि पक्षी, दहाला भरपेट नाश्ता. शनिवारी संध्याकाळी कयाक अजिबात काढायच्या नाहीत. पाचला येणाऱ्याला पाळीवरून चालत सूर्यास्त बघायला न्यायचं.

शनिवारी बोटिंग नाही म्हटल्यावर पाहुणे भडकतील अशी व्यवस्थापकाला भीती होती. काही जण नाराज झालेही. आरक्षणाच्या वेळीच फोनवर "पाण्यात सकाळी जायचं आहे, रात्री लवकर झोपा" असं सांगायला लागल्यापासून तक्रार जवळजवळ थांबली. लवकर उठायला मराठी माणूस तयार असतो, फक्त कशासाठी उठायचं ते आदल्या दिवशी कळायला हवं.

जॅकेटांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण कॅम्पोकॅम्पी हीच गोष्ट सर्वांत ढिलाईने केली जाते. जॅकेट घालणाऱ्याच्या वजनाप्रमाणे निवडायचं. सगळे पट्टे बांधायचे आणि मग दोन्ही हात वर करायला सांगून मागून खांद्यापाशी धरून वर उचलायचं. ते कानापर्यंत सरकलं तर पाण्यात नाकावर येणार, म्हणजे ते त्या माणसाचं नाही. लहान मुलांच्या जॅकेटाला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. ही परीक्षा जेटीच्या तोंडाशी एकाच माणसाने घ्यायची, प्रत्येकाची, दुसऱ्या फेरीलाही. आणि जॅकेटं कुंपणावर वाळत ठेवायची नाहीत. नागपूरचं ऊन वर्ष-दोन वर्षांत कापड आणि शिवण खाऊन टाकतं. रंग उडालेलं जॅकेट ओढून बघितलं तर हातात शिवण येते. कॅम्पच्या साठ्यातली निम्मी याच परीक्षेत बाद झाली.

ओढणी, साडीचा पदर, गळ्यातला मफलर कयाकमध्ये नको. साडी नेसलेल्या बाईला "मग तुम्ही काठावर थांबा" म्हणायचं नाही, तिला रुंद नावेत बाकावर बसवायचं. वल्हवायची तिची इच्छा असेल तर वल्हंही द्यायचं. एका सत्तरीच्या आजींनी तिथे वल्हं घेतलं ते सोडलं नाही. त्यांचं माहेर गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावातलं, वैनगंगेच्या काठचं. डोंगा त्यांना नवा नव्हता.

पोहणं मात्र पूर्ण बंद, जॅकेट घालूनही. हा निर्णय पाहुण्यांना आवडत नाही, म्हणून त्याचं कारण फलकावर लिहिलं. सिंचन तलावाचा तळ सपाट नसतो. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आहे. उन्हाळ्यात जेसीबीने गाळ काढलेले खड्डे पावसानंतर पाण्याखाली जातात. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस पुढच्या पावलाला डोक्यावर पाण्यात जातो. आणि २०१७ च्या जुलैत नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून हसती-खेळती तरुण मुलं बुडाली, ते या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही.

रात्र

काठावरचे पांढरे फ्लडलाइट काढून टाकायला मालक आधी तयार नव्हते. उजेड म्हणजे सुरक्षितता असं त्यांना वाटे. प्रत्यक्षात त्या झगमगाटाने डोळे दिपून वाटेवरची पायरीच दिसत नव्हती. आता पायवाटेला गुडघ्याइतक्या उंचीचे, वरून झाकलेले पिवळे दिवे आहेत आणि प्रत्येक केबिनला एक टॉर्च. टॉर्च आणि बूट हा नियम कडक, कारण तलावाकाठी घोणस आणि मण्यार दोन्ही आहेत. तंबूची चेन बंद, झोपायला खाट, जमिनीवर गादी नाही.

दिवे उतरले तसं आकाश वर आलं. जवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून रात्रीचं आकाश जपणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी आणि आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून प्रकाश खाली वळवला गेला. त्याच पट्ट्यात असूनही कॅम्प स्वतःच्या दिव्यांनी आपलं आकाश पुसत होता. आता जेवणाआधी अर्धा तास बाज टाकून सगळे आडवे होतात. कृत्तिका, रोहिणी, मृगातला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्या रेषेत खाली व्याध, हे एकदा बोटाने दाखवलं की मुलं पुढच्या रात्री स्वतः शोधतात. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीकडून उल्का पडतात. ती रात्र आता कॅम्पच्या पत्रकावर आहे. स्पीकर नाही. दहानंतर तो कायद्यानेच चालत नाही, पण इथे आता दहाच्या आधीही नाही.

आणि रोडगे. संध्याकाळचे चार तास भरून काढायचं काम सर्वांत चोख कोणी केलं असेल तर रोडग्यांनी. पूर्वी जेवण ताटात तयार यायचं. आता सहाला गोवऱ्यांचा जगरा पेटतो, जाडसर कणकेत ओवा-मीठ घालून पाहुणेच पदर लावत गोळे करतात, निखाऱ्यात पुरतात, फिरवतात, बाहेर काढून राख झटकतात, फोडून तुपात बुडवतात. बाजूला हंडीत वांग्याची भाजी. यात तास-दीड तास कसा जातो कळत नाही. हैदराबादहून पेंचला आलेल्या एका कुटुंबाने दुसऱ्या दिवशी पुन्हा रोडगेच मागितले.

शेकोटीचं भान वेगळं ठेवावं लागतं. मागे सागाचं जंगल आहे आणि फेब्रुवारीपर्यंत खाली वाळलेल्या पानांचा थर होतो. वनखात्याच्या हिशेबात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. १५ फेब्रुवारीपासून त्या काळात कॅम्पवर उघडी शेकोटी नाही, रोडगे फक्त स्वयंपाकघरामागच्या बांधीव चुलवणात. त्याआधीही आग लोखंडी घमेल्यात, भोवती पानं झाडलेली, आणि विझवताना पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत ढवळायची.

उन्हाळ्याचं फारसं सांगण्यासारखं नाही. मे महिन्यात ४७.९ अंश बघितलेल्या या जिल्ह्यात दुपारी बाहेरचे खेळ ठेवणं हा गुन्हाच. सकाळी आठच्या आत पाळीवर फिरणं आणि रात्री आकाश, इतकंच ठेवलं आहे.

जे अजून सुटलेलं नाही

खूप दिवस रेंगाळलेला प्रश्न पाण्याच्या पातळीचा. हा तलाव शेतीसाठी आहे. धानाला आणि नंतर रब्बीला पाणी सुटतं, तसा काठ मागे सरकतो. मार्चात पक्की जेटी चिखलात उभी राहते आणि पाहुणे बेशरमाच्या झुडपांतून गाळ तुडवत नावेपर्यंत जातात. जेट-स्कीसाठी राखलेल्या पैशातून मालकांनी तरंगती जेटी मागवली आहे, ती पाण्याबरोबर खाली उतरेल. नोंदणीचे कागद मार्गी लागले आहेत. संस्थेच्या माणसांनी स्वतःसाठी जॅकेटं मागितली. रात्री जाळी टाकायला जाणाऱ्या एकाकडेही ते नव्हतं. ती पोचली.

पण पाणी आटलं की मासे उरलेल्या डोहात गोळा होतात, संस्थेची मुख्य मासेमारी तेव्हाच होते, आणि कयाकचा पट्टा नेमका त्याच पाण्यावर येतो. संस्थेचं म्हणणं होळीच्या आधी नावा बंद करा. कॅम्पला शाळांच्या सुट्ट्या दिसतात. शेवटी तारखेचा वाद सोडून पातळीवर यायचं ठरलं. पाटाच्या दारापाशी दगडी बांधकामावर लाल रंगाने रेघ मारायची, पाणी तिच्याखाली गेलं की कयाक काठावर उलट्या करून ठेवायच्या. रेघ कुठे मारायची यावर दोन बैठका झाल्या आहेत. संस्था सांगते ती जागा आणि कॅम्प सांगतो ती जागा यांत अजून हातभराचं अंतर आहे.